मागच्या शुक्रवारचे बूट

बुटाचा झिजलेला तळ बघून माणसाचा स्वभाव सांगणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला आणि तो भिवंडीजवळ शेलारला राहतो. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. त्याच्याबद्दल मी पूर्वी केलेलं एक विधान साफ खोटं होतं, म्हणून ही जबाबदारी जरा जास्तीची. त्या खोट्याकडे मी येणारच आहे. सोळा वर्षं थांबलो, आणखी एखादं पान थांबायला हरकत नाही. शिवाय माणूस आधी ओळखीचा व्हावा आणि मग त्याच्यावर झालेला अन्याय कळावा, हा क्रम मला बरा वाटतो.

तो कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचा म्हणून सगळे त्याला फिटर म्हणत. मी भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि रविवारी आमच्या गिर्यारोहण मंडळाबरोबर कातळ चढायचो. कातळ चढण्याचे बूट ही एक चमत्कारिक वस्तू असते. पायापेक्षा एक नंबर लहान, तळ गुळगुळीत, रबर चिकट. अंगठ्याखालचं रबर सगळ्यात आधी झिजतं आणि तिथे भोक पडलं की बूट कामातून जातो. त्या काळी नवा जोड परदेशातूनच यायचा. माझा जोड मला एका पाहुण्या गिर्यारोहकानं जाताना देऊन टाकला होता, आणि त्याला भोक पडल्यावर ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकही चांभार त्याला हात लावायला तयार नव्हता. असाच एकदा ते बूट मांडीवर घेऊन वज्रेश्वरीच्या एसटीत बसलो होतो. शेजारच्या माणसानं न विचारता डावा बूट उचलला, वाकवला, नाकाला लावला आणि म्हणाला, "लहान पोरीचं हायत काय?"

"माझे आहेत," मी म्हणालो.

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं. मग बूट उलटा करून तळावरून अंगठा फिरवला. "मास्तर दिसता. तुमी पाय ठेवत न्हाय, घासता. पायावर विश्वास न्हाय तुमचा. सगळं हातानं खेचून घेता."

मला चढाई शिकवणारे गृहस्थ दहा वर्षं हेच सांगून थकले होते. मी काही बोलायच्या आत शेलार आलं, आणि हा माणूस माझा डावा बूट घेऊन खाली उतरला. उजवा माझ्या मांडीवरच. गाडी सुटली तेव्हा तो खालून ओरडला, "शुक्रवारी दुसरा घेऊन या!" एसटीतल्या साऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढच्या थांब्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

शुक्रवार का, तर भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. बाकीचे सहा दिवस तो या कारखान्यातून त्या कारखान्यात पळायचा, आणि सुट्टीच्या दिवशी घरात बसवत नाही म्हणून काही ना काही खोलून पुन्हा जोडायचा. बायको लवकर गेली होती, मुलगी लग्न होऊन नाशिकला. घड्याळं झाली, पंखे झाले, शेजाऱ्याचा पाण्याचा पंप दोनदा झाला. त्यात माझा बूट सापडला आणि त्याला जन्माचं काम मिळालं. मोडीत निघालेल्या लुमाच्या भागांतून त्यानं बूट दाबून धरणारा शिकंजा बनवला, जुन्या मोटरवर घासायचं चाक बसवलं, लाकडाचे साचे स्वतः तासले. रबरासाठी काल्हेरच्या गोदामांमागे पडलेला माल धुंडाळायचा. आंबेवाला आंबा बघतो तसा तो रबर बघे: आधी दाबायचा, मग वास घ्यायचा, शेवटी कोपऱ्याला दात लावायचा. "ह्ये कोरडं हाय," असं म्हणून थुंकायचा. पुढे आमची मंडळी परदेशातून खास रबराचे पत्रे आणून द्यायला लागली, तरी दात लावल्याशिवाय त्यानं एकही पत्रा कापला नाही.

आणि हा माणूस उंचीला घाबरायचा. घरातला बल्ब बदलायला तो शेजारणीला बोलवायचा आणि ती स्टुलावर चढली की स्वतः डोळे मिटून स्टूल धरायचा. आम्ही कड्याचे फोटो दाखवायला लागलो की फोटो आडवा धरायचा. म्हणजे कडा त्याच्यापुरता जमीन व्हायचा. चढाई मात्र त्याला आमच्यापेक्षा जास्त कळायची. अंगणात त्यानं खाणीतून आणलेली काळ्या दगडाची एक लादी भिंतीला तिरपी लावून ठेवली होती. नवा तळ बसवला की तो बूट पायात घालत नसे (ते त्याच्या पायात गेलेच नसते). हातात घालायचा आणि त्या लादीवर ओणवा होऊन हातांनी दोन पावलं चालायचा. मग लादीवर तांब्याभर पाणी ओतून पुन्हा दोन पावलं. एवढा मोठा माणूस हातात बूट घालून दगडावर रांगतोय, हे बघायला शेजारच्या कारखान्यातले कारागीर भिंतीपाशी जमायचे. मुंबईहून आलेल्या एका तरुणानं एकदा त्याला विचारलं, "अंकल, ये सोल कितने दिन चलेगा?" फिटर लादीवरून मान न उचलता म्हणाला, "मेरा सोल चलेगा रे. तुम कितना दिन चलनेवाला है वो बताव." भिंतीपलीकडून जी शिट्टी वाजली, ती त्या तरुणाच्या कानात अजून असेल.

त्याचा नियम एकच, पण तो देवाच्या नियमासारखा. गोंद पक्का व्हायला तीन दिवस. शुक्रवारी दुपारी तळ चिकटवायचा, शिकंज्यात दाबायचा, संध्याकाळी आपल्याला देऊन टाकायचा, कारण शनिवारपासून तो पुन्हा लुमांच्या मागे. पण देताना दोन्ही बूट लुमाच्या सुतानं एकमेकांना बांधायचा. गाठ अशी, की सुटायची नाही, कापावीच लागायची. वर चिठ्ठी खोचलेली: सोमवार. कुणी कितीही विनवलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं, "रविवार पुढच्या आठवड्यात पण येतो." त्यामुळे शुक्रवारी बूट आणलेला माणूस दोन दिवसांनी जुने बूट घालून चढायचा आणि आठवडाभर नव्याची वाट बघायचा. नाशिक-पुण्यापर्यंतच्या मंडळींना हा रिवाज ठाऊक झाला होता. फिटरच्या हातचा तळ म्हटलं की त्यावर डोळे मिटून पाय ठेवावा, अशी त्याची ख्याती. लुमांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या त्या माणसाला ही ख्याती किती प्रिय होती, ते मला माहीत होतं. आमच्यापैकी कुणी आलं की तो अंगात शर्ट चढवून बाहेर यायचा.

आता ते खोटं.

मी पंचावन्न वर्षांचा होतो. त्या रविवारी पुण्याचं एक तरुण पथक आमच्याबरोबर वज्रेश्वरीच्या पलीकडच्या कातळावर येणार होतं. माझे बूट दोनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी, शेलारहून आले होते. जुना जोड अगदीच फाटका. पाहुण्यांपुढे फाटके बूट घालायची मला लाज वाटली. सकाळी घरातल्या कात्रीनं मी सूत कापलं, सोमवारची चिठ्ठी चुरगाळून मोरीत टाकली आणि निघालो. तीस-चाळीस फुटांवर, सगळे खालून माझ्याकडे बघत असताना, उजव्या बुटाचा तळ अंगठ्यापाशी जिभेसारखा लोंबला. मी सुटलो. दोरानं धरलं, पण झोक्यात पाय कातळावर आपटला आणि घोटा मोडला.

खाली उतरवल्यावर कुणीतरी विचारलं, "मास्तर, हे कधीचे?" माझ्याभोवती वीस माणसं उभी होती. मी म्हणालो, "मागच्या शुक्रवारचे."

एवढंच. मागच्या शुक्रवारचे, म्हणजे नऊ दिवसांपूर्वीचे. म्हणजे गोंद पक्का, म्हणजे दोष फिटरचा. मी मंडळाचा ज्येष्ठ माणूस, त्यात शिक्षक. माझ्या शब्दाची शहानिशा कोण करणार? कुणी त्याच्याकडे भांडायला गेलं नाही. गेलं असतं तर बरं झालं असतं, त्यानं खरं सांगितलं असतं. लोक फक्त जायचे थांबले.

तो मला दवाखान्यात भेटायला आला. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दुसऱ्या मजल्यावर तो जन्मात प्रथमच आला असावा. जिन्यात भिंतीला हात लावत, एकेक पायरी थांबत तो कसा चढला, ते नर्सनं नंतर हसत सांगितलं. खिडकीकडे पाठ करून तो खुर्चीवर बसला. सोबत पेरू आणले होते. पलंगाखाली तळ निघालेला माझा उजवा बूट पडला होता. त्यानं तो उचलला, तळ आणि बूट यांच्यामधल्या गोंदाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. माझी बायको शेजारी पेरू कापत होती. ती म्हणाली, "बघा ना भाऊ, केवढ्या विश्वासानं घातले होते."

त्यानं बूट पुन्हा पलंगाखाली ठेवला. मग म्हणाला, "हाड नीट बसवलंय ना, वहिनी?" आणि निघून गेला. मी त्यानंतर शेलारला गेलो नाही. आधी पाय बरा नव्हता, मग शाळेतून निवृत्त झालो, मग सवय झाली. तीन वर्षांपूर्वी बायको गेली. तिलाही मी हे सांगितलं नव्हतं.

यंदा मंडळानं स्मरणिकेसाठी आठवणी मागितल्या. मी मोठ्या हौसेनं त्या पडण्याचा प्रसंग लिहायला घेतला. आता घरात बोलायला कुणी नसतं, त्यामुळे लिहिणं भराभर होतं. कातळ, पाहुणे, दोर, सगळं रंगवून झालं आणि "दुर्दैवानं तळ निघाला" या वाक्याशी हात थांबला. ते वाक्य छापलं गेलं असतं तर फिटरच्या नावावर कायमचं बसलं असतं, आणि आम्ही दोघं सत्तरी ओलांडलेले. दुसऱ्या दिवशी मी शेलारला गेलो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं उठली आहेत, त्यामुळे घर सापडायला वेळ लागला. शिकंजा पडवीत गंजत होता. तिरप्या लादीवर कुणाच्या तरी गोधड्या वाळत होत्या. फिटर ओट्यावर बसला होता, अंगात बनियन. मला बघून शर्ट घ्यायला आत जाऊ लागला. मी म्हटलं, "थांबा, आधी ऐका," आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. "गोंद वला होता," तो म्हणाला. "बोट लावल्याबरोबर कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"वहिनी बसल्या होत्या ना समोर."

"नंतर तरी?"

"नंतर तुमी आलाच न्हाय, मास्तर."

मी माफी मागायला लागलो तर त्यानं माशी हाकलावी तसा हात हलवला. "मला काय सांगताय? मला ठावकच हाय. त्यास्नी सांगा."

ते खरंच होतं. घरी येऊन मी जुनी वही काढली. त्या दिवशी कातळाखाली उभी असलेली बरीच माणसं आता नाहीत, काहींचे नंबर लागत नाहीत. चौघे सापडले. चौघांनाही मी शिकवणीतल्यासारखं पहिल्यापासून सांगितलं: शुक्रवार, सूत, सोमवार, मी काय म्हणालो, खरं काय होतं. एकाला मी पडलो होतो एवढंच आठवत होतं. एकानं विचारलं, "फिटर कोण?" पुण्याच्या पथकातला एकजण म्हणाला, "सर, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका हो, तब्येत कशी आहे?" चौथा गाडी चालवत होता.

परवा शुक्रवारी मी पुन्हा शेलारला गेलो. वाटेत एसटीत मी ठरवत होतो, त्याला काय सांगायचं. सगळे हळहळले, असं सांगता आलं असतं. तुमच्या हातच्या कामाची आठवण काढत होते, असंही सांगता आलं असतं. त्याचा चेहरा कसा उजळला असता, तेही मला दिसत होतं. या वेळी तो शर्ट घालून बसला होता. मला बघताच त्यानं विचारलं, "काय म्हणाले?"

"कुणाला आठवतच नाही, फिटर," मी म्हणालो.

पलीकडच्या गोदामात कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची पिप् पिप् चालली होती. ती त्यानं थांबू दिली.

"म्हंजी सोळा वर्षं मीच एकटा धरून बसलो व्हतो."

"मी पण," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, तोंडापासून नव्हे, पायांपासून सुरुवात करून. मग ओट्यावर जरा सरकला आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बसा मंग," तो म्हणाला. "आपुन दोघं तरी हाव."