खराब पीस

रहाटणीत मी कान-नाक-घशाचा दवाखाना टाकला त्याला सात वर्षं झाली, पण घसा पडद्यावर दाखवणारी दुर्बीण घ्यायला आत्ता कुठे निघाले होते. त्या सकाळी दोन विक्रेते दोन दुर्बिणी घेऊन आले. मला इतका आनंद झाला होता की चहात साखर घातली की नाही हेही आठवेना.

थोरल्या भावाला मी मुद्दाम बोलावलं होतं. दादा चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला. तिथे तोही कॅमेऱ्याची नळी घालून सुट्या भागांची भोकं तपासतो. पण खरं कारण वेगळं होतं. तीन महिने त्याचा आवाज बसला होता, आणि तंबाखू वीस वर्षांची. तपासू म्हटलं की म्हणायचा, "सुटंल आपोआप." कॅन्सर हा शब्द घरात कोणी काढत नव्हतं.

पहिल्या विक्रेत्याने मोठ्या पडद्यावर स्वतःचाच घसा दाखवला. गुलाबी, लख्ख. मी भाळलेच.

"चांगला पीस कुठलंबी गेज, म्हंजी तपासायचं यंत्र, पास करतंय," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आमी नव्या गेजला आधी खराब पीस लावतो. त्यो पकडला तर गेज खरं."

"आता खराब घसा कुठून आणू?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

दादा उठला. मग चपला काढून तपासणीच्या खुर्चीत बसला.

नाकात बधिर करणारा फवारा मारला, निर्जंतुक केलेली पहिली नळी आत सोडली. मोठ्या पडद्यावर नुसती लाली दिसली. दुसरीचा पडदा वहीएवढाच, पण त्यात दोन्ही स्वरतंतू स्वच्छ उघडत-मिटत होते, आणि त्यांच्यावर समोरासमोर तांदळाच्या कणीएवढ्या दोन गुळगुळीत गाठी. मशिनच्या आवाजावर ओरडून ओरडून येतात, तशाच. कॅन्सर नव्हता; मला एकदम हायसं वाटलं.

नळी काढताच त्याने विचारलं, "रिजेक्ट?"

"नाही रे दादा. रिवर्क, दुरुस्त होणारा पीस. तंबाखू आजपासून बंद आणि पंधरा दिवस तोंडातून शब्द नाही."

तो "व्हय" म्हणायला गेला. मी डोळे वटारले. मग त्याने खिशातली तंबाखूची पुडी काढून माझ्या हातात दिली, आणि छोट्या पडद्याच्या दुर्बिणीकडे बोट दाखवलं.