थोरले साडू आणि ओव्याचं तेल

जगातले निम्मे रोग ओव्याच्या तेलाने बरे होतात आणि उरलेले निम्मे मुळात रोगच नसतात, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक शिंकलं की मीटरपट्टी बाजूला, आधी रुमालावर एक थेंब. पोट फुगलं तर करडईच्या तेलात कालवून बेंबीभोवती, दाढ दुखली तर कापसाच्या बोळ्यावर. "निस्तं लावायचं न्हाई, मास्तर. आग हाय ती," असं मला प्रत्येक भेटीत बजावायचे. मी पडलो शिकलेला, ऐकल्यासारखं करायचो.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. धाकट्या मेहुणीला बघायला वाटूरची मंडळी मस्तगडला सासऱ्यांच्या घरी येणार होती. आधीची स्थळं परत गेल्यामुळे सासरे धास्तावलेले. पाहुण्यांसमोर साडूंचा दवाखाना नको म्हणून मी खुंटीवरच्या त्यांच्या कोटातून बाटली काढली आणि आपल्या पँटच्या खिशात घातली. हे बायकोलाही आजवर सांगितलेलं नाही.

मुलाचे वडील आले ते कपाळाला आठ्या घालूनच. पोह्यांना हात नाही, मुलीला प्रश्न नाही. सासऱ्यांचा चेहरा उतरला. साडू मात्र माझ्या कानाशी लागले, "नाराजी न्हाई ही, दाढ हाय. बघा, एका बाजूनं चहा पिऊन राह्यले." आणि उठून कोट चाचपू लागले. हा खिसा, तो खिसा. एवढ्यात माझ्या मांडीला निखारा लागला. बूच सैल होतं! मी दात आवळून, चेहऱ्यावर जावयाला शोभेल असं हसू ठेवून बसलो, पण खोलीभर घमघमाट सुटला आणि पाहुणे प्रथमच बोलले, "जावईबापू, तुमच्याकडून ओव्याचा वास येऊन राह्यला."

मी ताडकन उठलो. पँटवर हा एवढा डाग. साडूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"मीच सांभाळायला दिल्ती मास्तरांकडं," ते म्हणाले आणि कापूस मागवला.

थोड्या वेळात पाहुण्यांनी स्वतःहून पोहे मागितले. संध्याकाळी सुपारी फुटली.

परसात साडू माझ्या मांडीला गोडं तेल लावत होते. "मास्तर, माझी लाज वाटली का?"

"छे! बिलकुल न्हाई."

"मंग बरं."

त्यानंतरही ते आमच्याकडे येत राहिले, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत. पोरं शिंकत असायची, खोकत असायची. ते जवळ घेऊन नुसती विचारपूस करायचे. बाटली घरी ठेवून आलेले असायचे.