पूजेला मांडलेला डॉपलर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिला सगळं सांगते त्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? दसरा जवळ आला की ते वर येतं, एवढंच.

चाकणजवळ निघोज्याच्या वाटेवर बारा खाटांचं एक प्रसूतिगृह होतं. मी तिथे सिस्टर होते. फार चांगले दिवस होते ते — खरंच होते. येणाऱ्या बाया चाकणच्या कामगारांच्या घरातल्या. कुणी लातूरची, कुणी बीडची, माहेर लांब, म्हणून आमच्याच गळ्यात पडायच्या. कळा सुरू झाल्या की दर अर्ध्या तासाने पोटावर डॉपलर ठेवायचा, बाळाचे ठोके मोजायचे, तक्त्यावर लिहायचे. हे माझं काम. घोडा दौडत यावा तसा तो आवाज खोलीभर व्हायचा आणि कण्हणारी बाईसुद्धा क्षणभर गप्प होऊन ऐकायची. तो आवाज आठवला की मला अजून बरं वाटतं. वाटू नये खरं तर.

खंडेनवमी आमच्याकडे थाटात व्हायची. त्या दिवशी साऱ्या कंपन्यांमध्ये यंत्रांना हार. आम्ही का मागे राहू? पाटावर कात्री, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र आणि मधोमध आमचा एकुलता एक डॉपलर — हळदकुंकू लावलेला, झेंडूचा हार घातलेला. आरती होईपर्यंत पाटावरच्या वस्तूला हात लावायचा नाही, ही मोठ्या सिस्टरची शिस्त. त्या दिवशी युनिफॉर्मला सुट्टी. ज्या वर्षाचं सांगतेय, तेव्हा माझी साडी मोरपंखी होती, नवी कोरी. रांगोळीही माझीच.

त्या वर्षी आत सुनीता होती. पहिलटकरीण, परभणीकडची. नवरा कंपनीच्या पूजेला गेलेला, सोबत सासू. सकाळी मी दोनदा ठोके ऐकले, छान होते. मग पाट मांडला. डॉक्टर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, आरती लांबली आणि —

थांबा, नीट सांगते. डॉपलर पाटावर होता हे खरं. पण खणात लाकडी नळी होती, पोटाला टेकवून कानाने ऐकायची. ती मला वापरता येत नव्हती का? उत्तम येत होती. पण वाकावं लागलं असतं, साडी चुरगळली असती. आणि बाहेर सगळे माझी रांगोळी बघत होते, मला तिथे उभं राहायचं होतं. म्हणून मी न ऐकताच तक्त्यावर आकडे लिहिले. एकशे बेचाळीस. अर्ध्या तासाने एकशे अडतीस. मग एकशे चव्वेचाळीस, एकशे चाळीस. खरे वाटावेत म्हणून थोडे मागेपुढे. दोन तास त्या बाळाला कुणीच ऐकलं नाही.

डॉक्टर आले, आरती झाली. हार काढून मी डॉपलर आत नेला. ठोके फार मंद लागत होते. गर्भाचं पाणी हिरवं आलं, म्हणजे बाळ आत गुदमरलं होतं. डॉक्टरांनी घाईने चिमटा लावून मुलगी बाहेर काढली. ती रडली नाही. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात हलवली. जगली. उजवा पाय ओढत चालते.

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. त्यावर सगळं ठीक होतं. मग चुकलं कुणाचं? सासूने तिथल्या तिथे निकाल लावला, "हिनं जोरच दिला न्हाई." सुनीता भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी शेजारीच उभी होते.

ऐकलं असतं तर पाय वाचला असता का? माहीत नाही. ते कुणालाच कधी कळू नये, अशी व्यवस्था मीच केली.

आता मी आकुर्डीत राहते. सुनीता दर दसऱ्याला लेकीला घेऊन येते. पोर तोल सांभाळत पायाशी वाकते, आपट्याची पानं हातात देते. हुशार आहे, बडबडी आहे. मागच्या दसऱ्याला तिच्याकडे बघत सुनीता म्हणाली, "सिस्टर, तुमी व्हता म्हणून ही हाय. मलाच जोर देता आला न्हाई बघा."

मी सोनं घेतलं. "सोन्यासारख्या राहा" म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

परवा दसरा. त्या दोघी येतील. दूध जास्तीचं सांगून ठेवलंय.