टेंपोतली वाऱ्याची झडप

२१ नोव्हेंबर १९९३, रविवार. दिराच्या टेंपोच्या सीटची मापं घ्यायची होती. रेक्झिन त्यानं बेळगावहून आणून दिलं होतं. तपकिरी, आणि इतकं जाड की माझ्या मशीनच्या दोन सुया तरी मोडणार हे बघताक्षणीच कळलं. आमच्या गुंद गावात शिवणकाम करणारी मी एकटीच. झंपर, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, येईल ते शिवते. टेंपो रविवारी उभा असायचा, म्हणून जुनी कव्हरं त्याच दिवशी उसवून घ्यायची आणि आठवडाभरात नवी चढवायची, असं ठरलं होतं.

हा टेंपो म्हणजे आमची रोजची पाशिंजर गाडी. सकाळी साडेसहाला गुंदहून निघायची, जोयड्यावरून रामनगरला जायची आणि संध्याकाळी परत यायची. पुढे दीर स्वतः चालवायला आणि त्याच्या बाजूच्या सीटवर दोन पुरुष, ठरलेले. मागच्या डब्यात समोरासमोर दोन लांब बाकं. त्यावर बायका, शाळेची मुलं, टोपल्या, पोती. मागच्या काचा धुळीनं इतक्या घट्ट बसलेल्या की एखादीच सरकायची. पुढच्यांच्या खिडक्या मात्र उघड्या.

मागे बसणाऱ्या बायकांना गाडी लागायची. ह्याचं कुणाला नवल नव्हतं. कोणी लिंबू हुंगायची, कोणी चिंच चघळायची, कोणी पोलक्याखाली पोटावर वर्तमानपत्राची घडी ठेवायची. सगळ्यांच्या पिशवीत एक जास्तीची प्लॅस्टिकची पिशवी असायचीच. मलाही त्या टेंपोत दोनदा उलटी झाली होती आणि मी मुकाट्यानं समजले होते की माझंच पोट नाजूक. आता ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

शेजारच्या घरातली मुलगी जूनपासून रोज या टेंपोनं रामनगरला जात होती. एकोणीस वर्षांची, दहावी झालेली, टायपिंगच्या क्लासला. जानेवारीत तिची परीक्षा होती. ती क्लासला पोचायची ती पांढरीफटक पडून. वाटेत जोयड्याच्या अलीकडच्या चढावर तिला उलटी व्हायचीच. दिवाळीपर्यंत ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. मग आलं. सुरुवात पुढच्या सीटवरच्या सुपारीच्या व्यापाऱ्यानं केली. आमच्याकडे दुकानदार माणसाला सावकार म्हणायची पद्धत आहे, त्यालाही सगळे सावकारच म्हणायचे. त्यानं चहाच्या टपरीवर नुसतं एवढंच विचारलं म्हणे, की त्या पोरीचं लग्न कधी झालं? पुढचं लोकांनी आपापलं जुळवून घेतलं.

म्हणजे बघा, लग्न झालेल्या बाईनं ओकलं तर ते गाडीमुळं, आणि बिनलग्नाच्या मुलीनं ओकलं तर ते तिच्यामुळं. गाडी एकच, बाक एकच.

शनिवारी संध्याकाळी तिचा बाप माझ्याकडे आला. बाहेर पायरीवरच बसला.

"आक्का, पोरीचं टायपिंग बंद केलं. सोमवारपासनं घरात."

"का?"

"लोक काय बोलालेत ते म्हाईत न्हाई व्हय तुमास्नी?"

"लोकांचं म्हाईत हाय. तुमचं सांगा, अण्णा."

तो म्हणाला, "माजा इस्वास हाय तिच्यावर. पन आक्का, सा म्हैने रोज उलटी कुनाला व्हती?"

तो मुलीच्या टायपिंगच्या फाइलीला कव्हर शिवायला टाकलेलं कापड परत मागायला आला होता. ते मी दिलं नाही. म्हटलं, कापून झालंय. कापलं नव्हतं.

तर रविवारी मी पुढच्या सीटचं जुनं कव्हर उसवत होते. गुडघ्यावर बसून खालचे टाके तोडताना डोकं समोरच्या पत्र्यातल्या एका खटक्यावर आदळलं. खटक्याच्या बाजूला तीन खुणा होत्या, एक बंदची, एक पुढची, एक मागची. मी तो सरकवून बघितला. बंदच्या खुणेवरून तो केसभरही हलेना.

दीर बाहेर टायर धुवत होता. त्याला विचारलं, हे काय आहे?

"वाऱ्याचा खटका त्यो. काचेखाली जाळी हाय न्हवं, तिथनं भायेरचा वारा आत येतोय. आत झडप हाय. खटका फिरवला की वारा पुढं सोडायचा का मागं, ते ठरतंय."

"मागं म्हणजे बायकांकडं?"

"व्हय. बाकाखालनं पाइप गेलाय की मागंपर्यंत."

"मग फिरत का न्हाई?"

"त्ये चालत न्हाई, वैनी. लई दिस झालं." असं म्हणून तो पुन्हा टायरकडे वळला. बायकांकडे जाणारा वारा लई दिस झाले बंद आहे, हे त्यानं पुढच्या दिव्याची काच तडकलीय इतक्या सहज सांगितलं.

मी त्याच्या पेटीतून पेचकस घेतला. खटक्याच्या मागे पत्र्याची एक पेटी होती, झाकणाला चार स्क्रू. तीन निघाले, चौथा गंजलेला, तो उपटला. झाकण काढल्याबरोबर माझ्या मांडीवर काळी, वाळलेली, दगडासारखी टणक झालेली लिंबं घरंगळत आली. दोऱ्यासकट, मिरच्यांच्या देठांसकट. हात घालून ओढत गेले तसतशी येतच राहिली. मोजत बसले नाही. शेजारची पाटी अर्धी भरली.

"वैनी, काय करालायसा," म्हणत दीर आला आणि पाटी बघून चार पावलं मागे झाला. "हात नका लावू त्येस्नी."

"ही इथं कशी आली?"

तेव्हा कळलं. दर शनिवारी टेंपोला पुढे नवीन लिंबू-मिरची बांधली जायची. जुनी सोडली की तिनं आठवडाभर ओढून घेतलेली नजर कुठं तरी टाकायला हवी. रस्त्यावर टाकली तर कोणीतरी ओलांडणार. म्हणून तो ती काचेखालच्या जाळीत सारायचा. जाळीच्या दोन पट्ट्या तुटलेल्या होत्या, लिंबू आरामात आत जायचं. कुणाच्या पायाखाली येत नाही, कुणाला बाधत नाही.

"तुला कुणी सांगितलं असलं?"

"तुमीच की."

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं असंच एक जुनं लिंबू आमच्या दारासमोरच्या वाटेवर टाकलं होतं. नजरबिजर मी मानत नाही, पण दारात सडकं लिंबू आणि त्यावर माशा मला चालत नाहीत. मी त्याला चार माणसांसमोर फैलावर घेतलं होतं, की पोरं अनवाणी शाळेत जातात, ही घाण कुणाच्या पायात येणार नाही अशी टाक. त्यानं माझं ऐकलं. इतकं नीट ऐकलं की दोन वर्षं सगळ्या बायकांचा वारा बंद करून टाकला.

त्याच्यावर ओरडायची माझी सगळी तयारी झाली होती, आणि आता त्यातलं निम्मं मला माझ्यावरच ओरडायला लागणार होतं.

मग कामाला लागले. ती लिंबं मीच पाटीतून नेऊन परसात खड्डा करून पुरली, कारण तो हात लावायला तयार नव्हता. झडप म्हणजे वहीएवढा पत्रा, एका बाजूला बिजागरीसारखी सळई. कडेनं पूर्वी स्पंज असणार, त्याचा भुगा झाला होता. तो खरवडून काढला. सळईवर खोबरेल सोडून खटका मागेपुढे करत राहिले, तेव्हा कुठं झडप फिरायला लागली. पत्र्याच्या कडेला सीटमधल्या स्पंजची बोटभर रुंद पट्टी कापून चिकटवली. झंपराच्या गळ्याला पट्टी लावतात त्यापेक्षा सोपं काम. तुटलेल्या जाळीवर तारेची चाळणी बांधली.

"आता बघू," मी म्हटलं. "मी मागं बसते. तू ओढ्यापर्यंत ने आणि आण. जाताना खटका बंद, येताना उघडा."

जाताना ओढा यायच्या आतच डोळे चुरचुरायला लागले. मागच्या दाराच्या फटीतून धुराड्याचा धूर आत ओढला जात होता. अगदी डोळ्यांना दिसत होता. येताना खटका मागच्या खुणेवर. पायापाशी गार वारा लागला, आणि फटीतून आत येणारा धूर आत यायचा थांबला. एवढंच. त्याला डॉक्टर लागत नव्हता, लिंबू लागत नव्हतं, वर्तमानपत्र तर नाहीच नाही.

दीर गाडीतून उतरून डोकं खाजवत उभा राहिला. म्हणाला, "मला काय ठावं, वैनी. मी कंदी मागं बसलोच न्हाई."

मी तडक शेजारी गेले. बाप भाताच्या पेंढ्या बांधत होता. मुलगी आतल्या उंबऱ्यात होती. सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि पेंढीची गाठ आवळत म्हणाला, "गाडीत वारा आला म्हून लोकांची तोंडं बंद व्हत्यात व्हय?"

ह्या माणसाचा मला राग यावा की कीव, ते ठरेना. तो खोटं बोलत नव्हता.

"उद्या तुमी गाडीत बसा," मी म्हटलं. "जोयड्यापर्यंत. मागं."

"माजं भात पडलंय हितं."

"एक दिवस भात कुठं पळून जात न्हाई. आनि तिला पण घेऊन या. क्लासची पिशवी घेऊन."

"बगू," तो म्हणाला. आत मुलगी उठून कुठंतरी गेली. तिनं पिशवी काढली असणार.

सोमवारी सकाळी सहालाच मी टेंपोपाशी गेले. दिराला बजावलं की आज कुणी कुठं बसायचं ते मी सांगणार आणि खटका मी पुन्हा बंदच्या खुणेवर केलाय, मी सांगेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बायकांना बाकांच्या पुढच्या टोकाला, जिथली काच सरकते तिथं बसवलं. बाप लेकीला घेऊन आला. पुढच्या सीटवरचा दुसरा माणूस त्या दिवशी यायचा नव्हता. मुलीला मी पुढे खिडकीपाशी बसवलं आणि तिच्या शेजारी मी बसले.

सावकार आला आणि दार धरून उभा राहिला. "ही जागा माजी हाय."

"सीट उसवलीया, सावकार. कव्हर न्हाई, सुतळीचं टाकं वर आल्यात. तुमचं धोतर फाटंल."

"आनि तुमचं?"

"आमाला सवय हाय टोचून घ्यायची. तुमी मागं बसा ऐसपैस, दारापाशी. अण्णापन हायत सोबतीला."

मागं बायकांच्या बाकावर बसायला लागणार म्हणून त्याचं तोंड उतरलं, पण बाजाराची वेळ चुकवणं त्याला परवडणारं नव्हतं. तो चढला. बाप त्याच्या समोर बसला. टेंपो निघाला.

पहिली काही वळणं दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, सुपारीचा आणि पावसाचा विषय. मग ते कमी झालं. चढ लागला तेव्हा बंदच झालं. मी मागे वळून बघितलं. बापाचं कपाळ घामानं भिजलं होतं आणि त्यानं दोन्ही हातांनी बाक धरलं होतं. सावकार डोळे मिटून तोंडानं श्वास घेत होता. माझ्या शेजारी मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती, चढ संपत आला तरी तिला काही झालं नव्हतं. ते तिच्याही लक्षात आलं होतं.

"थांबव, थांबव," सावकार मागून दारावर थापा मारायला लागला.

दिरानं गाडी बाजूला घेतली. सावकार उतरला आणि गटाराच्या कडेला वाकून सकाळचा चहा आणि भाकरी सगळी बाहेर काढली. त्याच्या मागून बापही उतरला आणि दगडावर बसून राहिला, डोकं दोन्ही गुडघ्यांत.

मी खिडकीतून मान बाहेर काढली. बायकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं, "सावकार, कितवा म्हैना?"

मागं पहिल्यांदा कुणीतरी पदराआड खुदकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. सावकारानं वर बघितलं नाही, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. त्या दोघांना मुद्दाम धुरात बसवलं हे बरं नव्हतं असं मला नंतर काही जणांनी सांगितलं. सहा महिने एका मुलीला बसवलं होतं तेव्हा यातलं कोणी काही बोललं नव्हतं.

बाप हळूहळू उठला. टेंपोच्या पुढच्या बाजूनं येऊन लेकीच्या खिडकीपाशी उभा राहिला. त्यानं तिच्या मांडीवरची पिशवी नुसती सरळ केली आणि परत मागे जाऊन बसला. जोयड्याला तो उतरणार नाही, लेकीबरोबर रामनगरपर्यंत येणार, हे मला तेव्हाच कळलं.

सावकार चढला. मी खटका मागच्या खुणेवर सरकवला, मागे कुणाच्या पायाला वारा लागला का ते विचारून घेतलं, आणि दिराला म्हटलं, "चल आता. हिच्या क्लासला उशीर व्हायला लागलाय."