सरदारांना घडलेला उपवास

हिंदी मुलखातल्या एका शहरात, लष्कर नावाच्या पेठेत, बाडा चौकामागच्या गल्लीत गुरुप्रसाद टेंब्यांचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस तसा निर्व्यसनी. पण पन्नाशी उलटल्यावर शौक जडला तो असा, की बायकोला वाटलं, यापेक्षा पत्ते खेळले असते तर बरं.

माशांच्या दुकानात रंगीत माशांच्या मागे, एका कोपऱ्यात, एक ध्यान पडलेलं त्यांना दिसलं. चिखलाचा रंग, बेडकाचं तोंड, हनुवटीला झालरी. खाडीतला शिकारी मासा. दगडासारखा पडून राहायचा आणि तोंडासमोर काही आलं की गिळायचा. "कोई नहीं ले रहा इसको," दुकानदार म्हणाला. टेंब्यांना वाईट वाटलं, झालं! मासा घरी आला.

काचेच्या टाकीत एका मोडक्या नळकांड्यात त्यानं मुक्काम ठोकला. दिवसभर बैठक हलत नाही, जेवण तोंडापर्यंत यावं लागतं आणि मनाविरुद्ध झालं की चक्क गुरगुरतो. टेंब्यांनी त्याचं नाव ठेवलं सरदार.

सीमंतिनीबाईंच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा चातुर्मासात बाहेर असतो. कोळंबीचा डबा त्यांनी चष्म्याच्या दुकानातल्या छोट्या फ्रिजमध्ये हद्दपार केला. "तुमचे सरदार, तुम्हीच वाढा," एवढं बोलून त्यांनी टाकीकडे पाठ फिरवली.

थोडे दिवस सरदार झकास जेवले. मग जेवण बंद. कोळंबी नाकासमोर नाचवली तरी तोंड उघडेना. अंगाचा रंग उडाला, श्वास जोरात चालू झाला. गुरगुरणंही थांबलं. टेंबे दुकानातून दुपारीच घरी येऊन टाकीसमोर स्टूल टाकून बसू लागले. गिऱ्हाइकाचा डोळा तपासताना विचारत, "आता कसं वाटतंय?" आणि मनात वेगळाच पेशंट.

एका संध्याकाळी मुलगी यशश्री ऑफिसातून आली, तेव्हा ते टाकीतलं पाणी बदलत होते. हातात देवघराशेजारच्या फडताळातली बरणी.

"बाबा, हे काय घालताय?"

"सैंधव. त्याला खारं पाणी लागतं ना? साध्या मिठात आयोडीन असतं, म्हटलं घरातलं सगळ्यात शुद्ध मीठ द्यावं."

यशश्रीनं कपाळाला हात लावला. "बाबा, ये खाड़ी की मछली है, संन्यासी नहीं! त्याला समुद्राचं मीठ पाहिजे, सगळ्या क्षारांचं. मत्स्यालयाचं वेगळं पाकीट मिळतं. तुम्ही तर त्याला रोज उपवास घडवताय!"

टेंब्यांचा चेहरा असा पडला, की सीमंतिनीबाई हसू आवरून आत गेल्या. पण बरणी मात्र उचलून घेऊन गेल्या.

पाकीट त्याच संध्याकाळी आलं. पाणी हळूहळू, थोडं थोडं बदलायचं होतं. घाई केली तर तोच धक्का सरदारांना पुरेसा होता. टेंबे घाई करत नव्हते, फक्त जेवतही नव्हते. सीमंतिनीबाई म्हणाल्या, "दोघांपैकी एकानं तरी खा!"

मग एका दुपारी दुकानात एक आजोबा तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायची खटपट करत असताना टेंब्यांचा फोन वाजला.

"अहो," सीमंतिनीबाईंचा आवाज जरा धापा टाकत आला. "तुमच्या दुकानातून सकाळी कोळंबी आणली होती मी. घाबरू नका, कागदात गुंडाळून, अंगणातून आत नेली, स्वयंपाकघरातून नाही. नळकांड्यासमोर धरली..."

"मग?"

"गिळली! असा घास मारला, की माझीच किंकाळी निघाली. आणि वर गुरगुरला माझ्यावर."

टेंबे फोन कानाला धरूनच खुर्चीत बसले. समोरचे आजोबा चिंतेनं विचारू लागले, "साहेब, माझा नंबर फार वाढला का हो?"

"नाही, नाही, उत्तम आहे! सगळं उत्तम आहे!" टेंबे डोळे पुसत म्हणाले.

"आणि ऐका," फोनमधून आवाज आला, "पोळ्यांचा चिमटा वापरलाय. तो आता त्याचाच. येताना नवा घेऊन या."