गणपतीमागचं पडकं देऊळ

लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळात कुजबुज अशी होती की, अध्यक्षपद हुकलं म्हणून शशी नेनेनं ऐन प्रतिष्ठापनेत मंडळाच्या गणपतीकडे पाठ फिरवली. चहाबरोबर मीही ही बातमी चवीनं चघळली. फुकटची होती, सोडतो कशाला?

शशी निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांच्या तोंडातली कीड कोरली, पण आमटीत केस दिसला की ताट सरकवणार! मंडळाच्या गणपतीची पूजा दरवर्षी तोच सांगायचा. तेवढाच एक मान त्याला हवा होता.

त्या वर्षीचा अध्यक्ष मिलिंद, बेसिंगस्टोकला आयटीत. यानं मखरामागे लावायला सतराव्या शतकातल्या एका छापील चित्राचा भिंतीएवढा पडदा करून आणला. रोमन देवळाचे तुटके खांब, कमानीत माजलेली झुडपं, चौथऱ्यावर शेळ्या, खाली चिमुकली माणसं.

शशी सोवळं नेसून आला तो थबकलाच. "अरे, टवका उडालेली मूर्ती आपण पुजत नाही. तू तर अख्खं पडकं देऊळ उभं केलंस देवामागे!"

"काका, बरोक स्टाइल आहे ती, जुनी युरोपियन. साम्राज्यं पडतात, निसर्ग उरतो, असा मीनिंग आहे. बड्या लोकांच्या हॉलमध्ये असायची ही चित्रं. व्हेरी क्लासी!"

"असणारच. दुसऱ्याचा देव पडला की बघायला गोड लागतं. उसासा टाकायचा आणि जेवायला बसायचं. शी!"

मग चष्मा सावरून तो पडद्याशी वाकला आणि सडकी दाढ हुंगल्यासारखा मागे सरला.

"डाव्या खांबाखाली बघ."

"मेंढपाळ आहे, काका. देऊळ केवढं मोठं ते कळावं म्हणून काढतात अशी माणसं."

"तो काय करतोय ते बघ. का माइकवरून सांगू, पोरांसमोर?"

"लोक ताटकळलेत हो! पडदा निघणार नाही."

"मग पूजाही मी सांगणार नाही."

पळी ताम्हनात टाकून शशी निघून गेला. पूजा मोबाइलवरच्या मंत्रांवर उरकली. पुढच्या वर्षीपासून स्लाऊचे गुरुजी येऊ लागले. शशीला कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही तोंड उघडलं नाही. त्याची बायको सुमन म्हणते, गणपतीत हल्ली हे घरातसुद्धा कुणाशी बोलत नाहीत.

शशी निघून गेला त्याच दिवशी आरतीनंतर मी पडद्यावरच्या डाव्या खांबावर मागाहून सोडलेला झेंडूचा हार बाजूला करून पाहिलं. तो मेंढपाळ देवळाच्या खांबावर लघवी करत होता.