गुलाबाई आमच्या घरी आली

आई गेली आणि माझं माहेर संपलं. गावच्या घराला कुलूप लागलं, आणि इथे गुजरातेत, बमरोलीच्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. स्वयंपाक मुलगी करायची, माझे केसही तीच विंचरायची. देवाशी मी अबोला धरला होता; हळूहळू तो सगळ्यांशीच झाला. मुलीचे पप्पा कापडाच्या लूमवरून आले की काय दुखतंय विचारायचे. दुखत काहीच नव्हतं, तेच सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दवाखान्यातल्याच मातीकामाच्या वर्गाला बसायला सांगितलं. गोळ्यांनी होईना ते चिखलानं काय होणार, असं मनात म्हणतच मी गेले, कारण मुलगी हात सोडेना. शिकवणाऱ्या बेन गुजराती, फार मायाळू. काय करायचं ते त्या सांगत नसत. मातीचा गोळा हातात देत आणि बाजूला होत. मी तो नुसता दाबत बसे.

भादवा लागला होता. एके दिवशी त्या ओल्या वासानं गावची गुलाबाई आठवली. पार्वतीच ती, महिनाभर माहेरी येणारी. आम्ही मुली तिच्यापुढे गाणी म्हणायचो, मग झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचो. आई मुद्दाम ओळखू न येणारं काहीतरी ठेवायची आणि धीर न धरवून स्वतःच सांगून टाकायची. किती हसायचो आम्ही! हात चालतच राहिले. भानावर आले तर समोर गुलाबाई बसलेली.

बेननी ती कौतुकानं उचलली. वाळली की भट्टीत भाजू, म्हणजे कायमची टिकेल, म्हणाल्या.

"नका भाजू, बेन," मी म्हणाले. "तिले सासरले जानं शे."

कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून शब्द फुटला होता. भाजलेली माती पाण्यात विरत नाही, आणि विरल्याशिवाय गुलाबाई सासरी जात नाही, हे सांगता सांगता मी हमसून रडले. आई गेल्यावर न आलेलं सगळं रडू तेव्हा आलं. बेननी मूर्ती अलगद माझ्या मांडीवर ठेवली.

घरी तिला पाटावर बसवलं. चाळीतल्या मुली जमल्या, अर्धी गाणी गुजराती चालीवर म्हणू लागल्या. डबा मी भरला. कोजागिरी झाल्यावर बादलीतल्या पाण्यात तिला सोडलं, आणि तिचा चेहरा विरेपर्यंत हात जोडून बसले. आईलाही तेव्हाच निरोप दिला.

गोळ्या अजून चालू आहेत, वाईट दिवसही येतात. पण माझं माहेर का नेलंस, असं आता मी देवीला विचारत नाही. माहेर संपलं म्हणून मी रडत होते, आणि ती माझ्याच घरी माहेरपणाला आली होती.